वाराबाई

बाईंचा तास असला की घंटेनंतर आमच्या शाळेत आणखी एक विधी व्हायचा. बाई वर्गाच्या दारात थांबायच्या. हजेरीपुस्तक छातीशी धरून डोळे मिटायच्या आणि नाकानं एक लांब श्वास आत ओढायच्या. सगळी मुलं उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत असायची. चेहरा सैल राहिला तर बाई आत यायच्या. कपाळाला आठी पडली तर दारातूनच आवाज यायचा, "शिळा झालाय वर्ग! उघडा!" मग खिडक्यांजवळची मुलं धडाधड उठायची, कड्या वाजायच्या, कुणाची तरी वही वाऱ्यानं उडायची, आणि बाई हे सगळं शांत होईपर्यंत उंबऱ्याबाहेरच उभ्या असायच्या. शिळ्या भाताला माणूस नाक मुरडतो तसं त्या हवेला मुरडायच्या.

मुलांनी त्यांचं नाव वाराबाई ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. पाचवीत नव्यानं आलेल्या एका मुलीला ते खरंच आडनाव वाटलं आणि तिनं भर वर्गात विचारलं, "वाराबाई, पाणी पिऊन येऊ?" वर्ग एकदम गार पडला. बाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "ये जाऊन. आणि येताना दार उघडंच ठेव."

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. कोल्हापूरजवळ उचगावच्या कडेला, हमरस्त्यापासून थोडी आत, मागं उसाची रानं असलेली ही शाळा. मी मूळचा शाहूवाडीकडचा. पावसाळ्यात आमच्याकडं धुकं घरात शिरतं, अंथरूण ओलसर होतं, त्यामुळं खिडकी लावून चुलीजवळ बसणं हीच आमची रीत. नोकरीला लागलो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची नेमकी बाईंच्या शेजारी आणि खिडकीला लागून आली. पहिल्याच हिवाळ्यात आमचं युद्ध सुरू झालं. मी खिडकी लावायचो, त्या उघडायच्या.

"बाई, मला सर्दी झालीय," मी एकदा काकुळतीला येऊन म्हणालो.

"मग तर उघडायलाच पायजे की," त्या म्हणाल्या. "तुमची सर्दी आमी सगळ्यांनी का म्हणून वाटून घ्यायची?"

दुसऱ्या दिवशी मी मफलर आणला.

बाई विज्ञान शिकवायच्या. माहेर शिरोळचं, सासर कोल्हापुरात, पण नवरा गेल्यावर त्या एकट्याच राहायच्या. उंची बेताची, आवाज मात्र मैदानाच्या टोकाला पोचणारा. अंबाड्यात कायम एक लाल पेन खोचलेलं, आणि ते शोधण्यात रोज थोडा वेळ जायचा. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली असायची. वर्गाबाहेर पाय टाकला की ती घरची व्हायची. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारख्या त्या स्वतःविषयी 'मी आलो', 'मी सांगतो' असंच बोलायच्या. कोकणातून बदलून आलेल्या एका शिक्षकांना पहिले काही दिवस वाटत होतं की बाई कुणा तिसऱ्याचीच गोष्ट सांगताहेत.

हवेवरून त्यांनी शाळेत बहुतेकांशी भांडण काढलं होतं. शिपायाला कोरडा झाडू मारू द्यायच्या नाहीत. "धूळ हितनं उठीवतोस आणि पोरांच्या नाकात बसीवतोस. फडकं वलं कर." फळा पुसायची डस्टरं मुलांनी मैदानात न्यायची, वाऱ्याला पाठ करायची आणि मगच आपटायची, असा त्यांचा नियम होता. दर गुरुवारी कार्यालयात उदबत्तीचा पुडा पेटवणारे आमचे हेडक्लार्क त्यांच्यामुळं हैराण झाले होते. शेवटी तडजोड झाली, देव व्हरांड्यात आले. "देवालाबी जरा मोकळं वाटंल," बाई म्हणाल्या. हेडक्लार्कनी पुढं आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. कार्यालय खचाखच भरलेलं. अक्षता पडल्या, पंगतीची गडबड सुरू झाली आणि बाई दिसेनात. जेवणाचं पान धरून ठेवलं तरी येईनात. शोधायला गेलो तर त्या कार्यालयाच्या मॅनेजरला हाताशी धरून मागच्या बाजूचं गंजलेलं शटर वर ढकलत होत्या. नऊवारी शालू, कपाळाला घाम. शटर वर गेलं, रानातला वारा आत आला आणि जवळ बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी "आगं बया, बरं वाटलं" म्हणून पदर सैल केले. बाई मग जेवायला बसल्या आणि दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

ह्या वेडाचं मूळ कशात आहे, हे मला बरेच दिवस जाणून घ्यायचं होतं. मला वाटायचं, लहानपणी काहीतरी घडलं असणार. शिरोळ म्हणजे पुराचा मुलूख, ओल्या भिंती, आजारपणं. एकदा धीर करून विचारलं. बाईंनी माझ्याकडं दया आल्यासारखं बघितलं.

"कारण बिरण काय न्हाय, सर. कोंदलं की माझं डोकं धरतं. आणि माझं धरतंय म्हणजे पोरांचंबी धरत असणार. ती बोलत न्हाईत, झोपत्यात. आणि आपण त्यास्नी आळशी म्हणतो."

करोनानंतर शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा बाईंचा सुवर्णकाळ आला. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवा, असं आता वरूनच सांगितलं जात होतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी लोक त्यांना हसत होते, ती आता फलकावर लिहिलेली होती. पण भीती गेली तशा खिडक्या एकेक करून पुन्हा लागल्या. फलकही कुणीतरी उतरवला. बाई मात्र थांबल्या नाहीत. त्यांचा भाचा पुण्यात कंपनीत होता. त्याच्याकडून त्यांनी एक पांढरा डबा मागवला. गजराच्या घड्याळाएवढा, पुढं आकडा दिसणारा, आकड्याखाली एक दिवा. हवा चांगली असली की हिरवा, मग पिवळा, मग लाल.

तो डबा त्यांनी पहिल्यांदा आठवीच्या वर्गात नेला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. खिडक्या सकाळपासून बंद होत्या. दिवा लाल होता.

"आपण श्वास सोडतो तेव्हा त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो," बाई पुस्तकी मराठीत म्हणाल्या. "हा डबा तो मोजतो. बाहेर मैदानात आकडा चारशेच्या आसपास होता. इथं दोन हजारांच्या वर गेलाय. याचा अर्थ काय?"

मुलं माना उंचावून डब्याकडं बघू लागली.

"याचा अर्थ, कुणीतरी वापरून टाकलेला श्वास तुम्ही परत आत घेताय."

वर्गातून एक लांबलचक "ईऽऽ" निघाला. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "म्हंजे बाई, मी ह्या पाटलाचा श्वास घ्यायलोय?"

"हो. आणि पाटील तुझा."

दोघंही एकाच वेळी खिडकीकडं धावले. इतकी वर्षं ओरडून जे झालं नव्हतं, ते पाटलाच्या श्वासानं केलं. आकडा हळूहळू खाली येत होता आणि सगळा वर्ग क्रिकेटचा धावफलक बघावा तसा त्याच्याकडं बघत होता. हिरवा दिवा लागला तेव्हा टाळ्या पडल्या.

त्याच वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला एक डिजिटल वर्ग बांधून दिला. अध्यक्षांना सगळे आबासाहेब म्हणत. शेतीच्या पंपांचा व्यवसाय, दिलदार माणूस, पण भाषण एकदा सुरू झालं की आवरत नसे. खोली मोठी देखणी झाली होती. भिंतभर पडदा, एसी, आणि न उघडणाऱ्या काचा. पहिली पालकसभा आबासाहेबांनी हौसेनं तिथंच घेतली. बाईंनी डबा टेबलावर, पुष्पगुच्छाच्या आड ठेवून दिला.

भाषण सुरू झालं. खोली थंड होती, म्हणून कुणाला काही जाणवत नव्हतं. एसी तीच हवा गार करून फिरवत होता. थोड्या वेळानं पुढच्या रांगेतल्या एका आजोबांची मान खाली गेली. मग शेजारच्यांची. बायका पदराआड जांभया देऊ लागल्या. आबासाहेबांनाही दोनदा जांभई आली, ती त्यांनी खोकल्यासारखी लपवली. एवढ्यात पुष्पगुच्छातून टीं टीं असा आवाज सुरू झाला.

"कुणाचा मोबाईल हाय त्यो? बंद करा," आबासाहेब म्हणाले.

बाई उठल्या. "मोबाईल न्हाय, आबासाहेब. खोलीतली हवा संपली, असं डबा सांगतोय."

"हवा संपली म्हणतोय का माझं भाषण संपवा म्हणतोय?"

"दोनीबी," बाई म्हणाल्या.

आबासाहेबच आधी हसले आणि सगळी खोली हसली. दार उघडलं, झोपलेले आजोबा जागे झाले. त्याच आठवड्यात सुतार आला आणि दोन काचांना बिजागऱ्या लागल्या. शाळेतल्या अडकलेल्या खिडक्यांच्या कड्याही दुरुस्त झाल्या, आणि दर तासाला खिडक्या उघड्या, असा नियमच झाला. बाईंचा शब्द आता शाळेत शेवटचा होता. हिरवा दिवा असला की विषय संपला.

असं असताना हिवाळा आला.

आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला होता. त्याच्या खिडक्या उसाच्या रानांकडं उघडायच्या. त्या वर्गात सानिका नावाची एक मुलगी होती. किडकिडीत, दोन घट्ट वेण्या, खिडकीजवळच्या बाकावर बसणारी. तिला दमा होता. दप्तरात औषधाचा पंप असायचा. त्या दिवशी पहिल्या तासापासून ती खोकत होती. तिनं बाईंना विचारलं, "बाई, खिडकी लावू?" बाईंनी टेबलावरच्या डब्याकडं बघितलं. दिवा हिरवागार. "नको गं," बाई म्हणाल्या. "हवा एकदम छान आहे. बस निवांत."

मी शेजारच्या वर्गात होतो. बाक सरकल्याचा आणि मुलींच्या ओरडण्याचा आवाज आला म्हणून धावलो. सानिका बाकावर ओणवी झाली होती. खांदे वरखाली होत होते, पण श्वास आत जात नव्हता. ओठांचा रंग मी अजून विसरलेलो नाही. बाई तिच्या पाठीला हात लावून पंप तिच्या तोंडाशी धरत होत्या, "घे बाळा, घे, ओढ" म्हणत होत्या, आणि त्यांचा मैदानभर पोचणारा आवाज ऐकूही येत नव्हता. मी मुख्याध्यापकांची गाडी काढली. बाई मागं सानिकाला मांडीवर घेऊन बसल्या.

दवाखान्यात मास्क लावून वाफ दिली आणि हळूहळू तिचा श्वास खाली बसला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, धूर छातीत गेलेला दिसतोय. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. बाई आधीच बसल्या होत्या. गडबडीत डबा त्यांच्या हातातच राहिला होता.

"सर," त्या म्हणाल्या, "ह्यात धूर दिसत न्हाय."

"म्हणजे?"

"पोरांनी सोडलेला श्वास मोजतोय ह्यो. बाहेरनं धूर आला, धूळ आली, तर ह्याला पत्ताच न्हाय. मला ह्ये कळाय पायजे हुतं. मी विज्ञान शिकीवतो." डबा मांडीवर पालथा घालत म्हणाल्या, "जळका वास मलाबी आला हुता. पोरगी तोंडानं सांगत हुती, खिडकी लावू का. आणि मी डब्याकडं बघत हुतो."

दुसऱ्या दिवशी सानिकाची आई शाळेत आली. ती काय बोलली ते कार्यालयाबाहेरही ऐकू आलं. बाई मान खाली घालून उभ्या होत्या. आबासाहेबांचा निरोप आला, पुढचं ठरेपर्यंत मागच्या सगळ्या खिडक्या बंद. कुणी त्यांना टोचून बोललं नाही, हेडक्लार्कसुद्धा नाही. पण त्या आठवड्यात बाई वर्गाच्या दारात थांबल्या नाहीत. सरळ आत यायच्या, शिकवायच्या, निघून जायच्या. मुलं उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहायची आणि बसायची. शिक्षकांच्या खोलीत माझ्याजवळची खिडकी बंदच होती. मला ती बंद खिडकी बघवेना, म्हणून एक दिवस मीच उठून उघडली. बाई वह्या तपासत राहिल्या.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "सर, सानिकाच्या घरी जाऊन येऊ या काय? एकटीला धीर हुईना."

घर शाळेपासून लांब नव्हतं. वडील फौंड्रीत पाळीवर गेले होते. आई दारातच शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत बसली होती. आम्हाला बघून तिनं मशीन थांबवलं, पण या म्हणाली नाही.

"सानिकाची आई, चूक माझी हाय," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "तिनं इचारलं हुतं, मी ऐकलं न्हाय."

"चूक म्हणून काय करू बाई मी? तुमच्या वाऱ्यापायी माझी पोरगी हातची गेली असती."

"व्हय. गेली असती."

एवढं सरळ उत्तर तिला अपेक्षित नसावं. ती आत गेली आणि दोन तांबे पाणी घेऊन आली. सानिका आतल्या खोलीत अंथरुणावर बसली होती. बाईंनी तिला विचारलं, "त्या दिवशी तुला नेमकं काय झालं गं? सुरुवातीपासून सांग. मी मधी बोलत न्हाय."

"वास आला, बाई. टायरचा. रोजच येतो सकाळी. त्या दिवशी लई आला."

"टायरचा?"

"घरीबी येतो की," आई म्हणाली. "मागच्या गुऱ्हाळाचा धूर. आख्ख्या गल्लीला येतो. सांगायचं कुणाला?"

बाई उठल्या. "मी जातो. तुमी येता?"

सानिकाच्या आईनं मशीनवर कापड टाकलं, शेजारणीला लेकीकडं बघायला सांगितलं आणि पायात चपला सरकवल्या.

गुऱ्हाळ शाळेच्या मागच्या रानापलीकडंच होतं. भल्या मोठ्या काहिलीत रस उकळत होता, खाली चुलवाणात जाळ धडधडत होता. मालकांना सगळे अण्णा म्हणत. साठी ओलांडलेले, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. आम्हाला बघताच म्हणाले, "या पावणं, या! रस घ्या. आलं घालून देतो." नको म्हणायची सोयच नव्हती. पेले हातात आले आणि तेव्हाच चुलवाणाशेजारी टायरच्या तुकड्यांचा ढीग दिसला.

"अण्णा, ह्ये कशाला?" बाईंनी विचारलं.

"चिपाडं वली असली की पेटत न्हाईत, बाई. उसाचा चोथाच त्यो, लवकर वाळत न्हाय. टायरचा तुकडा टाकला की भडकतंय बगा."

मला वाटलं, आता बाईंचा आवाज रानभर जाणार. सानिकाची आईही पुढं सरसावली होती. पण बाईंनी तिच्या हाताला हात लावला. पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अण्णा, उद्या सकाळी शाळंत येता काय? एक तास बसायचं फक्त."

"मी? शाळंत? चौथीतनं पळालोय मी, बाई."

"म्हणून तर. ऱ्हायलेला एक तास पुरा करा."

अण्णा आले. धुतलेला शर्ट, नवी टोपी. आठवीच्या वर्गात त्यांना सानिकाच्या रिकाम्या जागेवर बसवलं. बाईंनी मुख्याध्यापकांना आधी सांगून तेवढी एकच खिडकी उघडली आणि शिकवायला सुरुवात केली. धडा पचनसंस्थेचा होता. अण्णा मन लावून ऐकत होते, जठराचं चित्र बघून शेजारच्या मुलाला काहीतरी विचारतही होते. मी व्हरांड्यात उभा होतो. थोड्या वेळानं रानापलीकडं, अण्णांच्याच गुऱ्हाळावरून, काळा लोट उठला. वारा आमच्याकडंच होता. पहिला वास आत आला तशी वर्गातली सगळी मुलं, कुणी काही न सांगता, एका हातानं लिहीत राहिली आणि दुसऱ्या हातानं त्यांनी रुमाल नाकाला लावले.

अण्णांनी इकडं तिकडं बघितलं. "ही पोरं रोजच असं नाक धरत्यात?"

पुढच्या बाकावरची मुलगी मागं वळून म्हणाली, "व्हय आजोबा. टायरचा टाईम झाला की."

मुलांनी त्या वेळेला नाव दिलेलं होतं, हे आम्हा एकाही शिक्षकाला माहीत नव्हतं. बाई खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. अण्णा खोकले, त्यांनी टॉवेल तोंडाला लावला. मग उठले आणि स्वतःच्या हातानं खिडकी लावली. काचेतून त्या लोटाकडं बघितलं.

"आमी आपलं बघतो, धूर वर गेला न्हवं? झालं," ते म्हणाले. "वर गेल्यावर फुडं कुठं जातोय, कोण बघतंय."

नंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. टायर बंद झाले, पण ओल्या चिपाडांनी अण्णांना रडवलं. काही दिवस जाळ लागेना, गूळ बिघडला, त्यांनी बाईंच्या नावानं बोटं मोडली. अवकाळी पाऊस झाला तेव्हा एका सकाळी पुन्हा तो वास आला. त्या दिवशी आमच्यातलं कुणी जाण्याआधीच सानिकाची आई गुऱ्हाळावर जाऊन चुलवाणासमोर उभी राहिली होती. मग अण्णांनी पत्र्याची एक लांब शेड टाकली आणि चिपाडं तिच्याखाली वाळवायला सुरुवात केली. पुढच्या हंगामाला धुराडंही उंच केलं. आता तिथं कुणी गेलं की रसाच्या आधी ते धुराडं दाखवतात.

शाळेतही बदल झाले. बाई आबासाहेबांकडं गेल्या तेव्हा मला सोबत घेऊन गेल्या. ह्या वेळी त्यांनी विनोद केला नाही. मागच्या खिडक्या सकाळी बंदच ठेवू, म्हणाल्या, पण व्हरांड्याच्या बाजूला भिंतीत वर झरोके पाडा आणि आतली हवा बाहेर फेकणारे पंखे बसवा. आणि धूर, धूळ मोजणारं आणखी एक यंत्र घ्या.

"अजून एक डबा?" आबासाहेब म्हणाले.

"व्हय. पयला अर्धंच सांगतोय."

आबासाहेबांनी थोडं ताणलं, पण झरोके झाले, पंखे आले, दुसरं यंत्रही आलं. बाई पुन्हा वर्गाच्या दारात थांबू लागल्या. वास घ्यायच्या, आकडे बघायच्या, आणि मग आत येऊन विचारायच्या, "कुणाला काय होतंय? खोकला, डोळे चुरचुरणं, जड वाटणं? हात वर करा." कुणी हात वर केला तर दोन्ही दिवे हिरवे असले तरी आधी त्या मुलापाशी जायच्या. पहिल्या तासातली काही मिनिटं त्यात जायची. अभ्यासक्रम मागं पडतो, अशी तक्रार मुख्याध्यापक करायचे. बाई म्हणायच्या, "पडू दे की. गाठतो." आणि गाठायच्याही.

सानिका परत आली तेव्हा तिच्या आईनं तिला स्वतः वर्गापर्यंत सोडलं. व्हरांड्याच्या बाजूच्या बाकावर बसवलं, झरोक्याकडं मान वर करून बघितलं आणि बाईंना म्हणाली, "ध्यान ठेवा." बाई म्हणाल्या, "ठेवतो." दोघींमध्ये एवढंच बोलणं झालं. डॉक्टरांनी सानिकाची औषधं बदलून दिली होती आणि आई ती न चुकता द्यायची, हेही सांगायला हवं. सगळं श्रेय झरोक्यांना देणं बरोबर होणार नाही.

गेल्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ डिजिटल वर्गात घ्यायचं घाटत होतं. बाईंनी खुर्च्या मैदानात काढायला लावल्या. ऊन होतं, आबासाहेब घामानं भिजले, तरी त्यांनी पूर्ण भाषण केलं. बाई आता शिरोळला, भावाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहतात. चारी बाजूंनी खिडक्या असणार, हे मी न बघता सांगू शकतो.

सानिका यंदा दहावीत आहे. माझ्या तासाला ती कधी मोठ्यानं वाचत नसे. दोन वाक्यांनंतर दम लागायचा, मुलं वळून बघायची, म्हणून मी तिला कधी उठवत नसे. ह्या हिवाळ्यात, उसाचा हंगाम भरात असताना, एका सकाळी मी धडा कोण वाचणार असं विचारलं आणि तिनं हात वर केला. मी जरा घाबरलोच. ती उभी राहिली. आवाज बारीक होता, पण स्वच्छ. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला. मी बस म्हणायला तोंड उघडलं, पण ती वाचतच होती. वर्गात कुणी हललं नाही. धडा संपला तेव्हा तिनंच वर बघितलं आणि विचारलं, "सर, खालचे प्रश्नबी वाचू?"

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. काय झालं ते सांगितलं.

"धडा केवढा हुता?" त्यांनी विचारलं.

"दोन पानांचा."

"मधी थांबली?"

"एकदाच. पान उलटायला."

मला वाटलं, फोन कट झाला. मी हॅलो, हॅलो केलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि नंतर बाईंचा तोच, मैदानाच्या टोकाला पोचणारा आवाज.

"मग उद्या तिला मोठा धडा द्या की, सर!"